मामेसासऱ्यांची वही

आमच्या मामेसासऱ्यांना, म्हणजे बायकोच्या धाकट्या मामांना, कागदाचा जेवढा तिटकारा होता तेवढा उभ्या शिरूर तालुक्यात कुणाला नसेल. किराण्याची यादीसुद्धा ते लिहून नेत नसत. चाल लावून पाठ करत. एकदा त्यांनी साखर ध्रुवपदात घेतली आणि ध्रुवपद प्रत्येक कडव्यानंतर येतं, त्यामुळे त्या महिन्यात घरात साखरेच्या चार पिशव्या आल्या. मामी आठवडाभर शिरा करत होत्या. स्टँडवर माणसं चौकशीची खिडकी सोडून मामांना गाडीची वेळ विचारत आणि मामा वेळेबरोबर वाटेतले सगळे थांबेही म्हणून दाखवत. तोवर गाडी गेलेली असे.

मामांची आणि त्यांच्या थोरल्या भावाची भीमगीतांची पार्टी. मला पेटी येते हे कळल्यावर आमची सोयरीक जरा लवकरच जमली, हे मी आता कबूल करतो. पार्टीत कागदाला बंदी. कवठे येमाईचा एक नवा गायक मोबाइलवर गाणं बघून गायला लागला, तर मामांनी चालू गाण्यात तो मोबाइल उचलून स्वतःच्या खिशात टाकला. "मान कटिंगला बसल्यावर खाली घालावी. गाताना लोकांकडं बघावं," म्हणाले. मी पेटीवर गाण्याच्या पट्टीची 'काळी दोन' एवढी चिठ्ठी चिकटवली होती, तीही त्यांना खपली नाही. मला मात्र कायम वाटे की पाठ असो नाहीतर कागदावर असो, ऐकणाऱ्याला काय फरक पडतो? यावरून आमची गाडीत पार दौंडपर्यंत वादावादी चाले.

गेल्या वर्षी एका कार्यक्रमात थोरले मामा अडकले. ज्यांनी धाकट्याला पहिलं गाणं शिकवलं, त्यांनाच कोरसची ओळ सुचेना. त्यांना अलीकडे विसरायला होत होतं, पण ते मंडपात सगळ्यांसमोर पहिल्यांदाच झालं. परतताना ते खिडकीबाहेर बघत एवढंच म्हणाले, "आता तुमचं तुमी गा. मी काय येत न्हाई."

पुढची तालीम मामांनी थोरल्यांच्याच घरी ठेवली आणि एक जाडजूड वही आणली. "मलाबी हल्ली आठवत न्हाई, दादा. तुमी शेजारी बसा, म्हंजी मला धीर," म्हणाले. मी त्यांची भरपूर थट्टा केली. मोबाइलवाल्या पोरानं तर पेढे मागितले. मामांनी वही उघडली. वहीतली अक्षरं दुकानाच्या पाटीएवढी होती, एका पानावर दोनच ओळी. पण मला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. मामांना चष्म्याशिवाय अक्षर दिसत नाही आणि गाताना चष्मा खिशात असे. शिवाय वही त्यांच्या समोर नसे, डावीकडे कललेली असे. डावीकडे थोरले बसत, मामांसाठी म्हणून पानंही तेच उलटत. हे लक्षात आलं त्या दिवशी मला माझ्या थट्टेची फार लाज वाटली.

यंदा वडगाव रासाईला जयंतीचा कार्यक्रम होता. तिसऱ्या कडव्याला थोरल्यांची नजर वहीवरून सुटली आणि ते भलतीच ओळ म्हणून गेले. मामांनी हात वर करून गाणं थांबवलं. भरल्या मंडपात म्हणाले, "माझं चुकलं, मंडळी. परत घेतो." लोक हसले. थोरले मात्र खरोखर चिडले.

"चाळीस वर्सं गातोस आन् अजून वही लागती? जरा पाठ करत जा की."

"व्हय दादा, करतो," मामा म्हणाले, आणि मान खाली घातली.

त्यानंतर मी कागदावरून वाद घातलेला नाही. हल्ली वहीची पानं मी उलटतो, भात्यावरचा हात क्षणभर सोडून. तेवढ्यात पेटीचा सूर जरा पडतो. मामांना तो ऐकू येतो, तेवढ्यापुरता ते आवाज वाढवतात. थोरल्यांना आता पान उलटायचंही ध्यानात राहत नाही.