डबरीत सोडलेले मासे

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला जमत नाही, त्याची आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंतच झाली. हे कुणाला दाखवायचं नाही, तरी लिहिताना लाज वाटते.

माझ्या मोठ्या जाऊबाईंची उज्जैनबाहेर थोडी जमीन आहे, साग आणि पळसाची झाडं असलेली. तिथे त्यांनी रखवालदाराकडून तीन डबऱ्या खणून घेतल्या. डबरी म्हणजे उथळ खड्डा. पावसाळ्यात भरतो, थंडीत आटतो. आटायलाच हवा, असं त्या सांगायच्या, म्हणजे त्यात मासे टिकत नाहीत आणि बेडकांची अंडी वाचतात. रविवारी मी नानाखेड्याच्या आमच्या घरून त्यांच्याबरोबर जायचे. त्या काठावर बसून वहीत लिहायच्या, अंडी कुठे दिसली, पिल्लांना पाय कधी फुटले. रखवालदार चहा करून आणायचा. मी गप्प बसून पाण्याकडे बघायचे. ते मला फार आवडायचं.

त्या श्रावणात यजमानांचं ऑपरेशन होतं. शेजारीण म्हणाली, जिवंत मासे विकत घेऊन पाण्यात सोड, पुण्य लागतं. नदीच्या घाटाजवळ मासे घेतले, पण एवढ्या लोकांसमोर हात जोडून उभं राहणं मला होईना. डबा तसाच झाकून घरी आणला. दुसऱ्या दिवशी रविवार होता. जाऊबाई झाडांकडे गेल्या तेव्हा मोठ्या डबरीत ओतला. त्यांचं बोलणं आठवत होतं. पण बोटाएवढे मासे काय करणार, असं वाटलं.

दोन आठवड्यांत त्या डबरीत एकही पिल्लू उरलं नाही. पाणी गढूळ, त्यामुळे मासे दिसत नव्हते. जाऊबाईंनी रखवालदाराला बोलावलं आणि फवारणीचा पंप इथेच धुतलास, त्या औषधानं पिल्लं मेली, म्हणाल्या.

"नहीं बाई साहब, पंप तो मैंने कुएँ पे धोया था."

त्यांना ते पटलं नाही. पगारातले दोन हजार कापले. तो एकदा माझ्याकडे बघून गेला. मी खाली बघत राहिले.

यजमान बरे झाले. मग तर सांगणं आणखीच जड झालं, कारण ज्यासाठी केलं ते मला मिळालं होतं आणि भरत होता दुसराच. दर रविवारी ठरवून जायचे आणि तशीच परत यायचे.

दिवाळीनंतर पाणी उतरलं आणि चिखलात मासे तडफडताना दिसले. हे कुठून आले, असं जाऊबाई स्वतःशीच म्हणाल्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी हातातली वही मिटली.

"इतके महिने त्याच्या हातचा चहा प्यायलीस ना गं?"

त्याचे पैसे मी आजच देते, त्या म्हणाल्या, पण सांगायचं तू. ते दोन हजार मी तुम्हाला फेडेन, मी म्हटलं. त्या नको म्हणाल्या नाहीत.

रखवालदाराला सांगताना माझी हिंदी अडखळत होती. त्यानं ऐकून घेतलं.

"आप तो बोलती ही नहीं, बाई," तो म्हणाला. "उस दिन बोल देतीं."

मग माधव नगरच्या दोन घरांत पापड लाटायला जाऊ लागले. जमतील तसे शंभर, दोनशे जाऊबाईंच्या हातात ठेवत गेले. चैत्रात शेवटचे दोनशे दिले. त्यांनी ते मोजून घेतले. दोन हजार पूर्ण फिटले.