आजारी धन्यांच्या जोड्यांचा रखवालदार

नाव सलीबा, बापाचं नाव तूमा. धर्म ख्रिस्ती, पण इथलाच; म्हणजे समुद्रापलीकडून आलेल्या फ्रँकांच्या लेखी अर्धाच. मुक्काम आक्रे बंदर. हुद्दा: इस्पितळातल्या जोड्यांचा व झग्यांचा रखवालदार. अधिकारक्षेत्र: पुरुषांच्या दालनापासून संडासापर्यंत, पावलं बत्तीस. नोकरी सव्वीस वर्षं. खोटं बोलल्याची नोंद नाही.

इस्पितळ चालवणाऱ्या फ्रँक लढवय्या बंधूंच्या संघाचा नियम असा, की आजारी माणूस धनी आणि बाकीचे त्याचे चाकर. मैदानात तलवार चालवणारे बंधूसुद्धा दालनात आले की कमरेला फडकं बांधून भिकाऱ्याला सूप पाजत. धन्याने गार फरशीवर अनवाणी जाऊ नये म्हणून मेंढीच्या कातड्याचे जोडे. ते चढवायचे, हाताला धरून न्यायचं आणि परत आणायचं, हे सलीबाचं काम. धनीपण संपायचं तेही त्याच्याच शब्दावर. हकीम सर्गीस रोज सकाळी नाडी बघत, लघवीची बाटली उजेडात धरत आणि शेवटी विचारत, "सलीबा, चालतो कसा?"

"नीट चालतो" असं उत्तर आलं, की दुपारच्या जेवणानंतर धनी रस्त्यावर.

लांबेर हा पिंपं बांधणारा म्हातारा समुद्रापलीकडून यात्रेला आला आणि तापाने पडला. ताप उतरला तेव्हा हिवाळा तोंडावर होता. परतीची जहाजं ईस्टरनंतर. गावात ओळखीचं कुत्रंही नव्हतं.

"सलीबा, मी बरा झालोय ना रे?"

"धनी, ते माझ्या तोंडून वदवून घेऊ नका."

"आणि उद्या हकिमांनी विचारलं तर?"

"असेल ते सांगणार. आजवर तेच केलंय."

"मग माझं काही खरं नाही," लांबेर म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

सलीबाचे पाय मोठे. इतके, की त्याची बायको शमूनी म्हणायची, "ह्यांच्या एका जोड्यात बसून आपण सगळे सायप्रसला जाऊ, भाडं वाचेल." दुसऱ्या सकाळी त्याने आपले जोडे काढले आणि लांबेरच्या पायांत चढवले.

"अरे, हे तुझे आहेत."

"पाय घाला, धनी. बोलू नका."

बत्तीस पावलांत लांबेर तीनदा धडपडला. तिन्ही वेळा सलीबाने सावरलं. ते त्याचं कामच होतं.

"चालतो कसा?"

"अडखळतो, हकीमसाहेब."

लांबेर सगळा हिवाळा अडखळला.

ईस्टरच्या आधीचे उपास सुरू झाले आणि एका सकाळी दालनाचे प्रमुख बंधू ओदो वाटेत उभे राहिले. त्यांचा एक डोळा लढाईत गेला होता. उरलेला दोन्हींचं काम करी. त्यांनी लांबेरची चाल पाहिली, मग सलीबाचे निळे पडलेले पाय.

"तुझे जोडे कुठेत?"

"धन्यांच्या पायांत, सरकार."

"आणि धन्यांसाठी ठेवलेले?"

"फळीवर."

"काढून घे ते."

"धन्यांना विचारल्याशिवाय त्यांच्या अंगावरचं काढता येत नाही, सरकार. नियम आहे."

नियम ओदोंना पाठ होता. ते लांबेरपुढे वाकले. "धनी, जोडे काढू का?"

"नको. ऊब येते," लांबेर म्हणाला.

ओदो सरळ झाले. इतक्यात हकीम आले. "चालतो कसा?" त्यांनी विचारलं. सलीबाने तोंड उघडलं, पण ओदो आधी बोलले.

"अडखळतो. मी स्वतः पाहिलंय."

ईस्टर झाल्यावर पहिलं जहाज लागलं. लांबेरने जोड्यांच्या टोकांत लोकर कोंबली आणि तो तडक निघाला. एकदाही ठेच लागली नाही. दरवाज्यापर्यंत तो धनी होता, त्यामुळे जोडे मागता येईनात. दरवाज्यापलीकडे सलीबाचं अधिकारक्षेत्र नव्हतं.

इस्पितळातल्या जोड्यांचा रखवालदार अजून सलीबाच आहे. तो अनवाणी असतो.