ताज्या कल्हईची कळशी

दिनकर गेल्याचा निरोप त्याच्या धाकट्या भावानं आणला, तेव्हा मी बडोद्यात पाणीगेटच्या घरी दाढी करत बसलो होतो. "भाऊ, आमचा दादा गेला," एवढंच बोलून तो उंबऱ्यावर बसला. अर्धी दाढी तशीच ठेवून मी धावलो. आता महिना उलटून गेला. तू त्याचा बालमित्र, त्याच्यावर लिही, असं चारचौघं म्हणतात. लिहायला बसलं की त्याच्याऐवजी माझंच कृत्य पुढं येतं... तर मग तेच लिहितो.

दिनकर बडोद्याच्या सरकारी प्रयोगशाळेत रसायनशास्त्री होता. आम्ही दोघं एकाच पोळात, म्हणजे एकाच गल्लीत वाढलो, दोघांचेही वडील दरबारच्या चाकरीतले. तो शिकला, मी कारकून झालो आणि डोंगरातल्या एका महालात, म्हणजे तालुक्याच्या कचेरीत, जाऊन पडलो. "तू कागद काळे कर, मी काचा धुतो," असं तो चिडवायचा. त्याच्या बोटांना सदा तेजाबाचा वास. वहिनी म्हणायच्या, "आमटीची वाटीसुद्धा उजेडात धरून बघतात हो, मग जेवतात!" खोटं नाही, मी डोळ्यांनी पाहिलंय.

माझ्या महालात एका ठेकेदारानं डोंगर फोडून शिशाची खाण काढली. दगड धुतलेलं पाणी तो सरळ झऱ्यात सोडायचा. खालच्या पाड्यातली माणसं पोट धरून लोळू लागली, कुणाचे पंजे लुळे पडले. देव कोपला, असं भगत म्हणाला. मी दिनकरला पत्र टाकलं आणि तो बैलगाडीनं हाडं खिळखिळी करून घेत आला. पाड्यातल्या एका म्हातारीच्या, रेवली डोशीच्या ओट्यावर बसून त्यानं एकेकाचं तोंड उघडून पाहिलं. हिरड्यांवर निळसर रेघ होती. "हे शिसंच," तो म्हणाला. "पण मी म्हणून काय उपयोग? पाण्यातून निघायला हवं." त्यानं लोकांना अर्ध्या कोसावरच्या वरच्या झऱ्याचं पाणी प्यायला सांगितलं. म्हाताऱ्या बायासुद्धा बिचाऱ्या तो चढ चढू लागल्या.

जाताना त्यानं मला काचेच्या सहा बाटल्या दिल्या. वैशाखात झरा आटत आला की त्यातलं पाणी भर, लाख लावून बंद कर, तशाच घेऊन ये. बाटल्या होत्या विलायती दारूच्या, त्यानं दहादा धुतलेल्या. पण माझं मन घेईना! दारूच्या बाटलीत पाणी तीन दिवस राहिलं तर ते बिघडणारच, अशी माझी पक्की समजूत. म्हणून मी ते आमच्या तांब्याच्या कळशीत घेतलं. कळशीला आदल्याच दिवशी बाजारातून कल्हई लावून आणली होती, आरशासारखी लखलखीत. बडोद्याच्या वेशीवर पाणी बाटल्यांत भरलं, लाख लावली आणि मोठ्या तोऱ्यात दिनकरच्या हातात दिलं.

पाण्यात भरपूर शिसं निघालं. चौकशी बसली. ठेकेदाराच्या वकिलानं मला सहज विचारलं, पाणी नीट आणलंत ना? मी छाती काढून म्हणालो, "नीट म्हणजे? सोवळ्यानं आणलंय साहेब, ताज्या कल्हईच्या कळशीतून!" वकील हसला आणि दिनकरकडे वळला. "बाजारचे कल्हईवाले कथलात शिसं मिसळतात, हे आपल्याला ठाऊक असेलच?" दिनकरनं एकदा माझ्याकडे पाहिलं. "ठाऊक आहे," म्हणाला. खोटं बोलणं त्याला कधी जमलंच नाही.

तो नमुना बाद झाला आणि दुसरा मागवला तो ऐन श्रावणात. डोंगरावरून लोंढे वाहत होते, खाण पाण्यानं भरून बंद पडलेली. त्या पाण्यात शिसं नव्हतं. दिनकरनं तसं लिहिलं आणि खाली आणखी एक ओळ लिहिली, उन्हाळ्यात पुन्हा तपासावे. कचेरीतून पाड्यावर कागद गेला त्यात ती ओळ नव्हती. पुढं दर फाल्गुनात तो अर्ज करत राहिला आणि दर वेळी प्रकरण निकाली निघाल्याचं उत्तर येत राहिलं. त्याला तेलातुपातली भेसळ तपासायला बसवलं. पेन्शन घेऊन मी बडोद्याला परतलो, तेव्हा एकदा न राहवून म्हटलं, "दिनू, शिव्या तरी दे रे मला." तो म्हणाला, "शिव्यांनी झरा निवळत असता तर रोज दिल्या असत्या." मला त्या बोलण्याचा राग आला. अपराध माझा आणि फुरंगटून बसलो मीच! दोन महिने त्याच्याकडे फिरकलो नाही. त्यातच तो गेला.

तेरावा झाल्यावर मी पाड्यावर गेलो. रेवली डोशी अजून होती, मनगटं मात्र लुळी पडली होती. "आवो साहेब," म्हणून तिनं घोंगडी अंथरायला लावली. मी सगळं कबूल केलं. दिनकर साहेबांचंच खरं होतं, चूक माझी. खालचं पाणी पिऊ नका, वरच्याच झऱ्याला जा.

"जातच होतो की," ती म्हणाली. "मग दरबारचा कागद आला. वाचून दाखवला, खालचं पाणी चांगलं आहे म्हणून. मग कोण चढणार?"

"आता पुन्हा जा, डोशी."

"वरचा झरा ठेकेदारानं खाणीकडे वळवला, साहेब. तुम्हाला खालचं चालतं, तर वरचं कशाला हवं, म्हणाला."

उन्हातून चढून आलो होतो, घसा कोरडा पडला होता. तिनं सुनेला खूण केली. सुनेनं भोपळ्याच्या तुंब्यात पाणी आणून माझ्यापुढं धरलं. मी हात पुढं केला... आणि मागं घेतला.

डोशी रागावली नाही. पाणी वाया कशाला घालवायचं, म्हणून तिनं सुनेकडून तो तुंबा आपल्या तोंडाला लावून घेतला, अर्धं पाणी प्यायली, आणि उरलेलं सून प्यायली.