मॅनेजर ताई

"कायले?" ताई विचारायच्या. आवाज न चढवता, समोरच्याकडे बघत. कारण कळेपर्यंत त्या हलत नसत.

आमगावला धानाच्या एका व्यापाऱ्याच्या ऑफिसात आम्ही दोघं कारकून. मी हिशेब बघायचो, ताई बिलं टाइप करायच्या आणि फोन घ्यायच्या. त्या दरेकशाहून रेल्वेने यायच्या. मुलगी गोंदियाला नर्सिंग शिकत होती. तिच्या होस्टेलचा खर्च ताईंच्या ओव्हरटाइमवर चालायचा.

एका दिवाळीत शेठने त्यांना मॅनेजर केलं. टेबलावर पाटी आली, गादीची खुर्ची आली. ताईंनी सगळ्यांना पेढे दिले. महिनाअखेर ओव्हरटाइम मात्र आला नाही.

"मॅनेजर को ओवरटाइम नहीं होता, बहनजी," शेठ म्हणाला.

"कायले?"

"कानून है."

ताई खुर्चीत येऊन बसल्या आणि बिलं टाइप करू लागल्या. काम तेच होतं. शिपाई आला नाही, तर ट्रकवाल्यांना पाणीही त्याच द्यायच्या.

दोन-तीन महिने असेच गेले. मग त्या गोंदियाच्या कामगार कार्यालयात गेल्या. सोबत म्हणून मी होतो. तिथल्या अधिकाऱ्याने पाटीबद्दल काही विचारलंच नाही.

"तुम्ही कोणाची रजा मंजूर करता? कोणाला कामं वाटून देता?"

"रजा तर मलेच मागा लागते, साहेब."

"मग पाटीवर काहीही असो, तुम्ही कारकूनच. ओव्हरटाइम लागू. खरोखर माणसं तुमच्या हाताखाली असती, निर्णय तुमचा असता, तर नसता मिळाला."

ताईंनी हे शेठला जसंच्या तसं सांगितलं. शेठ माणूस वाईट नव्हता. त्याने ओव्हरटाइमचे थकलेले पैसे दिले आणि तो म्हणाला, "अब आप ही बोलो. क्लर्क रहना है, या सच में मैनेजर बनना है? पगार बढ़ाऊंगा, छुट्टी-विट्टी सब आप देखना. लेकिन ओवरटाइम नहीं."

मला वाटलं, त्या कारकुनीच घेतील. सीझनमध्ये ओव्हरटाइम वाढीव पगारापेक्षा जास्तच व्हायचा. सोमवारी येऊन त्यांनी मॅनेजर व्हायचं सांगितलं.

"काऊन, ताई?" मी विचारलं.

"इथं कोणाले घरी जा म्हणणारं कोणीच नाही ना."

धानाची आवक सुरू झाली. बिलं टाइप करायला आलेली नवी मुलगी पोटुशी होती, पाय सुजले होते. दिवेलागणीला ताई तिच्यापाशी गेल्या. "उठ. बाकीचं मी करतो."

"शेठजी रागावतील."

"शेठले मी सांगून राहिलो. तू जाय."

मग मला आणि शिपायालाही उठवलं. स्वतः मात्र बसून राहिल्या. त्या वेळेचे पैसे आता त्यांना मिळणार नव्हते.

पुढे ताईंच्या मुलीला रायपूरला नोकरी लागली आणि त्या तिच्याकडे राहायला गेल्या. त्याआधी एका रात्री पाहुण्याला सोडायला मी स्टेशनवर गेलो होतो. दरेकशाकडे जाणारी गाडी उभी होती. ताई खिडकीशी बसल्या होत्या, पिशवी मांडीवर, डोकं गजाला टेकलेलं. झोप लागली होती. हाक मारावी असं वाटलं, पण मारली नाही. गाडी हलली तरी त्या जाग्या झाल्या नाहीत.