इंजिनाची खांदमळणी

नत्थुजीचा स्वभावच संशयी. दूधवालीनं हसून दूध घातलं तरी तो आधी पाण्याचा विचार करायचा. अशा माणसाला उस्ताद मिळावा तोही वामनराव मिस्त्रीसारखा, म्हणजे आगीत तेलच!

अकोल्यात आगगाडी आली आणि तिच्यामागून रुई दाबून गाठी बांधायचा वाफेचा कारखाना आला. अमेरिकेतल्या लढाईनं कपाशीला चढलेला भाव उतरला होता, तरी बैलगाड्यांची रांग काही तुटत नव्हती. नत्थुजीनं वावर भावांकडे सोपवलं आणि बॉयलरवर कोळसा ओढायचं काम धरलं. साहेबाचा नियम साधा होता. मिस्त्रीच्या हाताखाली शिकायचं, मग साहेबासमोर इंजिन चालवून दाखवायचं. जमलं तर सही-शिक्क्याचा दाखला, नाहीतर जन्मभर फावडं. नत्थुजीचा सगळा जीव त्या दाखल्यात अडकला होता.

पण मुंबईहून आलेला मिस्त्री शिकवेल तर शपथ! बॉयलरच्या माथ्यावर एक लोखंडी दांडी होती, तिच्या टोकाला वजन टांगलेलं. तिच्याजवळ गेला की मिस्त्री सगळ्यांकडे पाठ करायचा, आणि कुणी सरकलं तर खेकसायचा, "तुझा कोळसा बघ!"

"त्याच्या पोटात पाप हाये," नत्थुजी बायकोला म्हणायचा. "मी शिकलो त त्याची जागा जाईन."

"तुमाले त देवाच्या पुजाऱ्यावरबी भरोसा नाई," कौशल्या म्हणायची. "एकडाव इचारून त पाहा."

त्यानं विचारलं नाही. संशयी माणूस विचारत नाही, पाळत ठेवतो.

परीक्षा ठरली ती नेमकी पोळ्याच्या दिवशी. वऱ्हाडात पोळ्याला काम? ही अक्कल साहेबाला मिस्त्रीनंच दिली असणार, हे नत्थुजीनं ठरवून टाकलं. आदल्या दिवशी भट्टी विझल्यावर तो लोणी-हळद घेऊन बॉयलरपाशी गेला. राबणाऱ्याचे खांदे पोळ्याआधी मळायचे, हा शेतकऱ्याचा धर्म, आणि इथं राबणारं हे इंजिनच. पण याचा खांदा कुठला? ती दांडी त्याला जुवासारखी दिसली. त्यानं ती मायेनं मळली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," म्हणाला, आणि घरच्या बैलाचे जड पितळी तोडे हळूच तिच्या टोकाला अडकवले. मिस्त्री समोरच उभा होता.

"झाली का पूजा?" तो मऊपणानं म्हणाला. "उद्या नीट कर हो."

हा आज एवढा गोड का बोलला, हेच नत्थुजीला घरी जाईपर्यंत खात राहिलं.

पोळ्याला साहेब आला. मिस्त्रीला यंत्राला हात लावायची मनाई होती. नत्थुजीनं आग चेतवली, पाणी पाहिलं, चाक फिरवलं. साहेब मान डोलवत होता. वाफेचा दाब दाखवणारा काटा रोजच्या खुणेवर आला. इथं वाफ फुस्स करून सुटायची, हे त्याच्या कानाला ठाऊक होतं. आज सुटली नाही. काटा पुढं सरकला.

"पळा!" तो ओरडला, पण स्वतः पळाला नाही. फावड्यानं भट्टीतले निखारे भराभर बाहेर ओढू लागला. साहेबाची नजर दांडीवर गेली. तोड्यांच्या जादा वजनानं ती दबून वाफेची वाट बंद झाली होती. त्यानं काठीनं तोडे उचलले आणि कोंडलेली वाफ किंचाळत बाहेर पडली.

"ये किसने लटकाया?"

दाखला हातचा चालला होता. "म्या लटकवले साहेब! पन या मिस्त्रीनं काल पायले. सामने उभा होता. मले बुडवासाठी चूप बसला!"

साहेबानं तोडे मिस्त्रीपुढं धरले. "देखा था?"

मिस्त्रीनं ते घ्यायला हात पुढं केला. तो तोड्यांच्या वीतभर बाजूला, रिकाम्या हवेत चाचपडला.

साहेब काय ते समजला. आगीकडे बघून बघून डोळे गेलेल्या माणसाला त्यानं तिथल्या तिथं काढून टाकलं. आग वेळेवर ओढली म्हणून नत्थुजीला दाखला मिळाला.

फाटकाशी मिस्त्री बोचकं घेऊन थांबला होता. नत्थुजीची पावलं त्यानं ओळखली.

"दांडीवर वजन कुठल्या खाचेत आहे, ते मी बोटांनी चाचपायचो रे," तो म्हणाला. "कुणाला कळू नये म्हणून पाठ करायचो. साहेबाला कळतं तर पोट गेलं असतं. त्यात तुझं शिकणं राहिलं, हे मात्र खरं."

नत्थुजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेर ढोल वाजत होते, सजवलेल्या बैलांनी रस्ता भरून गेला होता. मिस्त्रीनं हात पुढं केला.

"स्टेशनापर्यंत सोड मला. एवढ्या गर्दीत मला एकट्याला जमायचं नाही."