पिशवीवरची शाल

थोरल्याला घरात सगळे ‘झाकण’ म्हणत, अर्थात माघारी. रिमोटला प्लास्टिक, सोफ्याला चादर, त्या चादरीवर आणखी एक चादर. कचेरीत तो साहेबांच्या चुका झाकत झाकत वर चढला आणि त्यालाच कर्तबगारी म्हणत राहिला. धाकट्या बहिणीला त्याचा राग यायचा केव्हाच थांबला होता. आता नुसती किळस उरली होती.

वडील ऑपरेशननंतर घरी आले ते लघवीची नळी आणि पिशवी घेऊन. पिशवी कायम कमरेच्या खाली टांगायची, असं नर्सने बजावलं होतं. बहीण ती पलंगाच्या पट्टीला अडकवायची, वेळच्या वेळी रिकामी करायची. एकदा इन्फेक्शन होऊन गेलं होतं. पुन्हा झालं तर पुन्हा दवाखाना, आणि तिथं परत जायचं नाही, एवढं एकच मागणं म्हाताऱ्याचं उरलं होतं.

त्या दुपारी थोरल्याचे जुने साहेब भेटायला आले. बहीण चहा घेऊन बाहेर आली तर पट्टी रिकामी. नळी मांडीवरून वर चढून उशाशी गेलेली, आणि तिथं जरीकाठी शालीखाली एक फुगवटा.

“दादा, पिशवी वर का ठेवलीस?” ती हळूच म्हणाली.

“चारचौघांत शोभतं का ते?”

“लघवी उलटी फिरेल.”

“अर्ध्या तासात काय आभाळ कोसळतंय? बिस्किटं आण.”

तिने शालीला हात घातला. त्याने हसत हसत तिचं मनगट धरलं आणि साहेबांना सांगितलं, “बाबा अगदी ठणठणीत आहेत.”

ठणठणीत बाबांच्या कपाळावर घाम होता. एका हाताने त्यांनी ओटीपोट दाबून धरलं होतं. दुसऱ्या हाताने त्यांनी शाल ओढली आणि ती थोरल्याच्या पायांवर टाकली.

“हिचा हात सोड,” ते म्हणाले. “पोरी, खाली टांग ती.”

तिने पिशवी पट्टीला अडकवली, मुडपलेली नळी सरळ केली. नळीतून पिवळी धार खाली धावली. बाबांनी डोळे मिटले. साहेबांनी चहाचा घोट घेतला. त्यांना त्यात काहीच वावगं वाटलं नसावं.

थोरल्याने शाल उचलून घडी केली आणि तो पिशवीसमोर जाऊन उभा राहिला, पाय जुळवून, एखाद्या पडद्यासारखा.

“याला बाजूला कर गं,” डोळे न उघडता बाबा म्हणाले. “वारा अडतोय.”