पाल पडली, तीही तिच्या खांद्यावर

मॉरिशसच्या जंगलात एक छोटा ससाणा राहतो. जगात दुसरीकडे कुठेच नाही. तो माळावर घिरट्या घालत बसत नाही. दाट फांद्यांमधून वळणं घेत खोडावरच्या हिरव्यागार पाली टिपतो. त्याचं पोट बरंचसं पालींवरच. दुबईला आल्यापासून मला तो बघायचा होता.

या ईदच्या सुट्टीत जायचं ठरलं. आम्ही दोघं आणि शारजात राहणारे धाकटे दीर-जाऊ. जंगलातली पायवाट, गाइड, पहाटेची वेळ, सगळं मीच शोधलं. आणि ऐन वेळी ऑफिसने माझी रजा रद्द केली. नवरा म्हणाला, "आपण नंतर जाऊ, इन्शाल्ला." ते दोघं मात्र गेले. माझ्या आखणीवर, माझी दुर्बीण घेऊन. जावेला कावळा आणि कोकीळ यांतला फरक कळत नाही. तरी मी तिला बजावलं, "पाली दिसतील त्या झाडाखाली गप्प उभी राहा आणि व्हिडिओ काढ. माझ्यासाठी."

तिचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या पॅन्ट्रीत होते.

"ताई, ईऽऽ! तो तुमचा बर्ड ना, अगदी डोक्यावरच्या फांदीवर बसला होता. चोचीत पाल. आणि ती सटकून माझ्या खांद्यावर पडली!"

"व्हिडिओ?"

"कसला व्हिडिओ! मी किंचाळले, तो उडाला. खलास! सरळ हॉटेलवर येऊन डोक्यावरून अंघोळ केली. पाल पडली की करतात ना? ताई, अशुभ तर नसतं ना हो?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं मी त्याचे फोटो बघत जळतेय, आणि ही बया त्याच्या खाली उभी राहून साबण शोधायला पळाली. दात माझे, चणे हिचे.

"सासूबाईंना विचारून सांगते," म्हणाले.

पुण्याला फोन लावला. सासूबाई खूश झाल्या. "खांद्यावर? अगं, लाभ असतो. तिला लगेच कळव, जिवाला घोर लागला असेल."

संध्याकाळी जावेचा मेसेज आला, 'ताई, विचारलंत का?'

मी तो वाचला आणि फोन पालथा ठेवला. लाभ तिला झालाच होता. निदान त्याची बातमी तरी थोडा वेळ माझ्याकडे राहू दे.